दस्तगीर ड्रायव्हरची दोन पत्रं

“नील चालणार नाही, माने,” ठोंबरे साहेब म्हणाले आणि हातातलं पत्र त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

नील म्हणजे निरंक. वरच्या ऑफिसनं काही विचारलं आणि आपल्याकडे सांगण्यासारखं काही नसलं, की हा एक शब्द लिहून पाठवायचा. नोकरीत मी सगळ्यात जास्त वेळा हाच शब्द लिहिला असेल.

आणीबाणीची वर्षं होती. आमचं खातं केंद्र सरकारचं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण माझी पेन्शन अजून चालू आहे. कोल्हापुरातलं आमचं ऑफिस लहान, चौदा माणसांचं. मी यू. डी. सी., म्हणजे वरच्या श्रेणीचा कारकून. रजा, बढत्या, सर्व्हिस बुकं आणि कुलपातल्या गोपनीय फायली माझ्या ताब्यात.

पंचावन्न पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्यांचं काम तपासायचं आणि जो उपयोगाचा नाही त्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन घरी पाठवायचं, असा एक नियम आहे. याला रिव्ह्यू म्हणतात. नियम जुनाच होता, पण त्या वर्षांत वरच्यांना त्याची फार आठवण येऊ लागली होती. यात आरोप नसतो आणि चौकशीही नसते. पेन्शन मिळते, म्हणून ही शिक्षा नव्हे, असं नियमात म्हटलं आहे. घरी बसणाऱ्याला हा फरक समजावून सांगणं अवघड जातं.

आम्ही नील पाठवला होता. तो परत आला होता. ‘फेरतपासणी करून नाव कळवावे.’

“पंचावन्नच्या वर कोण कोण आहे?” साहेबांनी विचारलं. ते विदर्भातले, इथं येऊन चार महिने झाले होते.

“दोघं. हेडक्लार्क आणि दस्तगीर ड्रायव्हर.”

“हेडक्लार्कचे सी. आर.?”

सी. आर. म्हणजे गोपनीय अहवाल. दरवर्षी साहेब आपल्या माणसांबद्दल त्यात शेरा लिहितात.

“सगळे ‘व्हेरी गुड’.”

हेडक्लार्कांनी तीस वर्षांत कुणाशी भांडण केलं नव्हतं आणि कुठला निर्णयही घेतला नव्हता.

“आणि दस्तगीर?”

“दोन वर्षं वाईट शेरा आहे.”

“मग तोच,” साहेब म्हणाले. “शनिवारपर्यंत प्रस्ताव टाइप करा.” त्यांना ते आवडलेलं दिसलं नाही, पण आवडीनिवडीचा प्रश्नही नव्हता.

दस्तगीर मुल्ला उचगावहून सायकलवर यायचा. मी त्याला मामा म्हणायचो. वीस वर्षं तो ऑफिसची जीप चालवत होता आणि त्याचा आवाज जीपच्या हॉर्नपेक्षा बरा वाजायचा. त्याला एक खोड होती. सरकारी गाडीला लॉगबुक असतं. गाडी कुठं गेली, किती मैल गेली आणि कशासाठी गेली, ते ड्रायव्हरनं त्यात लिहायचं आणि साहेबांनी सही करायची. ‘कशासाठी’ या रकान्यात बाकीचे ड्रायव्हर ‘सरकारी काम’ लिहीत. दस्तगीर खरं लिहायचा.

ठोंबरे साहेबांच्या आधीच्या साहेबांनी एकदा त्याला मलकापूरला पाठवलं. तिकडं फणस चांगला मिळतो. दस्तगीरनं लिहिलं, ‘कोल्हापूर ते मलकापूर व परत. कारण : फणस.’ साहेबांनी न वाचता सही केली. मग ‘साहेबांच्या मेव्हण्यास स्टेशनवर सोडणे’ आलं. त्याच्यावरही सही झाली. पुढं ऑडिट आलं. ऑडिटची माणसं मात्र वाचतात.

त्या साहेबांनी सलग दोन वर्षं दस्तगीरच्या सी. आर.मध्ये इंग्रजीत लिहिलं : हेकट, मोठ्यानं बोलतो, हुज्जत घालतो, वरिष्ठांचा मान ठेवत नाही. नंतर त्यांची बदली झाली. शेरा राहिला.

आता माझ्याबद्दल. असा वाईट शेरा पडला, तर तो त्या माणसाला पत्रानं कळवावा लागतो, म्हणजे त्याला आपली बाजू मांडता येते. दोन्ही पत्रं मीच टाइप केली, साहेबांची सही घेतली, जावक रजिस्टरला नंबर घातला. दिली मात्र नाहीत. पहिलं दिलं असतं तर दस्तगीरनं रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा दंगा केला असता, आणि साहेब मला म्हणाले असते, तुम्हीच पेटवलं. सोमवारी देऊ, असं म्हणत मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. दुसऱ्या वर्षी दुसरं त्याच्यावर ठेवलं.

प्रस्तावाच्या नमुन्यात नववा रकाना होता : ‘प्रतिकूल शेरे कर्मचाऱ्यास कळविल्याची तारीख.’

रजिस्टरात तारखा होत्याच. त्या उतरवल्या असत्या तर कुणी काही विचारलं नसतं. वर्षभरात हेडक्लार्क रिटायर होणार होते आणि त्या खुर्चीवर माझा नंबर होता. मी आठ रकाने टाइप केले आणि थांबलो. चहा मागवला. प्यायलो. आणखी एक मागवला.

शुक्रवारी दुपारी दस्तगीर आत आला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

“माने, टायरच्या कागदाचं काय झालं? मागचं दोन्ही गुळगुळीत झाल्यात.”

“वर पाठवलाय, मामा.”

“वर पाठवलाय म्हंजे गेलाच की तो. अरं, अजून तीन वरसं काढायची हायत मला ह्या गाडीवर. का ढकलत न्हेऊ?”

तो गेला. टाइपरायटरमधला कागद तसाच ठेवून मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

“साहेब, नववा रकाना भरता येत नाही.”

“का? पत्रं निघाली नाहीत?”

“निघाली. पोचली नाहीत.”

“कुठं अडकली?”

“माझ्या ड्रॉवरमध्ये.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“किती दिवस?”

“पहिलं दोन वर्षं. दुसरं वर्षभर.”

“विसरलात?”

“नाही साहेब. त्याच्या ओरडण्याला घाबरलो.”

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

“न कळवलेला शेरा रिव्ह्यूत धरता येत नाही,” ते म्हणाले. “म्हणजे दस्तगीरचं नाव जात नाही. पण मला तुम्हाला मेमो द्यावा लागेल. हेडक्लार्कची जागा विसरा.”

“हो साहेब.”

“लिहून द्या. आणि ‘नजरचुकीने राहिले’ असं लिहा. ‘घाबरलो’ लिहू नका, वर त्याच्यावर चार पत्रं येतील. दोन्ही पत्रं त्याला आत्ताच द्या. पोच घ्या.”

दस्तगीर जीपच्या बॉनेटमध्ये वाकला होता. मी दोन्ही लखोटे पुढं केले. त्यानं हात पुसले, लखोटे फोडले आणि कागद मला परत दिले.

“इंग्रजी हाय. वाच की.”

मी मराठी करत वाचलं. हेकट. मोठ्यानं बोलतो. हुज्जत घालतो.

“मग ह्यात खोटं काय हाय?” तो म्हणाला. “कुठं सही करू?”

इथं मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी त्याला सगळं सांगितलं : रिव्ह्यू, तीन महिन्यांची नोटीस, ड्रॉवर. तो ओरडेल, असं मला वाटलं होतं. तो ओरडला नाही. त्यानं कागदांवरच्या तारखा बोटानं दाखवून मला परत वाचायला लावल्या.

“दोन वरसं,” तो हळू म्हणाला. “माझा कागद दोन वरसं तुझ्यापाशी व्हता, आन् रोज मला मामा म्हणतूस व्हय?”

त्यानं सही केली, बॉनेट पाडलं आणि निघून गेला.

आमचा दुसरा नील कारणांसह गेला. वरून ‘नाराजीसह नोंद घेतली’ असं उत्तर आलं. मला मेमो आला, मग सर्व्हिस बुकात ताकीद. हेडक्लार्कच्या खुर्चीवर सांगलीहून माणूस आला. मला ती जागा मिळायला आणखी चार वर्षं गेली. दस्तगीर अठ्ठावन्न पूर्ण करून रीतसर रिटायर झाला. त्यानं पत्रांना उत्तर दिलं नाही. माझ्याशी तो आठ महिने कामापुरतंच बोलला. मग एक दिवस टायर आले आणि ते उतरवायला मीच लागतो, असं त्यानं अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. मी बाह्या वर केल्या आणि गेलो.

माझ्या खरेपणामुळं त्याची नोकरी वाचली, असं नंतर एकदोघं म्हणाले. तसं काही नाही. ती माझ्या भित्रेपणामुळं वाचली. खरेपणा मागाहून, आठ रकाने टाइप झाल्यावर आला. पत्रं वेळेवर दिली असती, तर दस्तगीरनं दंगा केला असता, पण उत्तरही दिलं असतं, आणि फणसाची हकीकत फायलीत शेऱ्याच्या शेजारी राहिली असती.

ज्याचा कागद त्याला त्याच दिवशी द्यावा. तो ओरडला, तर उभं राहून ऐकून घ्यावं. ओरडून झालं की पोच घ्यावी.