सासूबाईंचा बर्फ

सासूबाईंच्या मासळीचा सगळा बर्फ मी सोड्याची एक बाटली गोठवायला वापरला. काल भाईंदरच्या घरी फ्रीजरमधून काढलेली पाण्याची बाटली टेबलावर ठेवताच आतलं पाणी झरझर गोठलं, आणि माझे कान पुन्हा गरम झाले.

तो बर्फ वापरला तेव्हा मी नवा जावई होतो. तारोडीच्या सासरवाडीत दुपारी सासूबाई जरा लवंडल्या होत्या. संध्याकाळी बाजारात न्यायची पापलेटं पेटीत बर्फावर होती. ती मी टोपलीत काढून ठेवली, बर्फात खडेमिठाची अख्खी गोण ओतली आणि सोड्याची बाटली त्यात तासभर पुरली. मग सगळ्यांना अंगणात बोलावून झाकण फिरवलं. फस्स झालं आणि बाटलीत वरून खाली पांढऱ्या सुया धावत गेल्या.

"दाजी, तुमी तं जादूगार हाव!" मेहुणा ओरडला. सासूबाईंचे डोळे विस्फारले. मला वाटलं, थक्क झाल्या. आता कळतं, त्या बाटलीकडे पाहतच नव्हत्या.

पेटीत नुसतं खारं पाणी उरलं होतं. टोपलीतली पापलेटं इतकी मऊ पडली होती, की बोट लावलं तर खड्डा राहायचा. खारवावीत, तर मीठही मीच संपवलेलं. त्यांचा बाजार बुडाला. जावयाला बोलायचं नसतं, म्हणून त्यांनी आधी मला सरबत दिलं. मग टोपली उकिरड्यावर रिकामी केली, हात धुतले आणि माझ्यादेखत बायकोला विचारलं, "पोरी, ह्याला हापिसात खरंच कामाला ठेवलाय, का तुला फसवलाय?"