नर्वाचं नाक

"जरा तिकडे, खिडकीकडे बघ," हे काकांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

मी नागपूरहून अमेरिकेत एडिसनला येऊन आठवडाही झाला नव्हता. आमचं वाय-फाय अजून लागलं नव्हतं, म्हणून शेजारी मराठी घर आहे असं कळल्यावर लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले होते. मला वाटलं खिडकीत खार आली असेल. मी बघितलं. खार नव्हती. काका एक डोळा मिटून माझाच चेहरा न्याहाळत होते. शेवटी समाधानानं म्हणाले, "गॅल्बा. हुबेहूब गॅल्बा!"

वाय-फायचा पहिला उपयोग मी गॅल्बा शोधायला केला. हा रोमचा एक सम्राट निघाला. टक्कल, आकड्यासारखं नाक, आणि चहात कुणीतरी मीठ घातलंय असं तोंड. माझं वय तेव्हा सत्तावीस. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, पण ते त्यांच्या लक्षातच आलं नाही.

असा एखादा छंदिष्ट तुमच्याही ओळखीत असेल. काका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होते आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या गॅरेजमध्ये गाडीला जागा उरली नव्हती. तिथे टेबल, दिवा, भिंग आणि रोमन नाण्यांचे ट्रे. नाण्याला दोन बाजू असतात असं आपण म्हणतो; काकांना एकच माहीत होती. छापा. काट्याच्या बाजूला देव असोत की देवळं, ते बघायचेसुद्धा नाहीत. "समोरून काय, सगळेच सारखे दिसतात. हसू आणता येतं, डोळे मोठे करता येतात. माणूस खरा कळतो तो बाजूनं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पण खरेपणातही राजेलोकांच्या तऱ्हा. त्या काकांकडून ऐकाव्यात. "हा ऑगस्टस. म्हातारा होऊन मेला, पण नाण्यावर शेवटपर्यंत पंचविशीतला. आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाहीत का, लग्नातला फोटो लावून बसलेले? आणि हा नीरो. पोरगा होता तेव्हापासून बघत ये. बघ, गळ्याला कशा वळ्या पडत गेल्या. लपवलं का त्यानं? नाही. दाखवलं!" हे म्हणताना काकांच्या हातात श्रीखंडाची वाटी होती आणि काकूंचं त्या वाटीकडे लक्ष होतं. व्हेस्पाशियन त्यांचा सगळ्यात लाडका. टक्कल, कपाळाला आठ्या, तरी म्हणतो आहे तसा छापा. माझ्या नवऱ्यानं दाढी वाढवली तेव्हा सगळ्यांनी त्याची टिंगल केली. एकट्या काकांनी त्याला दाढीवाला सम्राट हेड्रियन केलं. त्या दिवसापासून त्यानं दाढी काढलेली नाही, आणि याचा राग मी कुणावर काढू ते तुम्हीच सांगा.

काका स्वतः मात्र सम्राट नर्वा होते. हे त्यांनीच जाहीर केलेलं. नर्वाचं नाक लांब, पोपटासारखं बाकदार, आणि काकांचं त्याहून थोडं जास्त. "हे नाक आधी खोलीत येतं, मग तुझे काका येतात," असं काकू म्हणायच्या.

त्यांची मुलगी सई. काका-काकूंनी तिला पुण्याहून दत्तक घेतलं, तेव्हा ती पाळण्यातली होती. गोल चेहरा, बसकं छोटंसं नाक, गालाला खळी. वाढली इथेच, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. काका जगातल्या प्रत्येक माणसाला खिडकीकडे बघायला लावायचे, पण सईला नाही. तिला बाजूनं काढलेला फोटोच आवडत नसे.

एका संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवात नवीन आलेल्या एका मावशींनी सईला तिळगूळ देता देता आपला तो प्रश्न विचारला. आपल्याकडे नाव विचारल्यावर दुसरा कुठला प्रश्न असतो? "कुणावर गेलीस गं तू? आईवर नाही वाटत. बाबांवर तर मुळीच नाही!"

"नोबडी, मावशी. आय ॲम अडॉप्टेड," सई हसून म्हणाली आणि तिळगूळ तोंडात टाकला.

मावशींचा चेहरा पडला. मग काका सावरायला धावले, म्हणजे अर्थातच रोमला गेले. "अहो, नर्वाला मूल नव्हतं. त्यानं ट्रेजनला दत्तक घेतलं. नर्वा गेला, ट्रेजन राजा झाला, पण टांकसाळीतल्या कारागिरांनी त्याला नीट बघितलं कुठे होतं? तो होता लांब सरहद्दीवर. मग पहिली नाणी पाडली ती कशी? ट्रेजनच्या चेहऱ्यावर नर्वाची छटा! दत्तक मुलाला बापाचा चेहरा मिळाला की नाही?"

"बाबा, प्लीज. स्टॉप," सई म्हणाली. या वेळी हसली नाही.

घरी येताना गाडी मी चालवत होते आणि काका शेजारी बसून हातातला तिळगूळ नुसता चुरत होते. मग म्हणाले, "लहान असताना आरशासमोर आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहून विचारायची, हू डू आय लुक लाइक? मी तिला नाणी दाखवत बसायचो. तिला काय पाहिजे होतं, आणि मी काय देत होतो." घराच्या वळणावर म्हणाले, "तिच्या लग्नात मी नाणं पाडणार आहे. तिचं. फक्त तिचा चेहरा. तिनं कुणावर जायची गरजच नाही, हे त्या सगळ्या मावशांना हातात द्यायचंय मला."

लग्न ठरलं. मुलगा अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाचा, सांता क्लाराचा. काका ओक ट्री रोडवरच्या एका सोनाराकडे गेले. आहेराच्या बदल्यात पाहुण्यांना चांदीचं नाणं देतातच, पण त्यावर लक्ष्मी असते. काकांना सई हवी होती, आणि तीही बाजूनं. हे सगळं तिच्या नकळत. आता बाजूनं काढलेला तिचा एकही फोटो नाही! "नो प्रॉब्लेम अंकल, सामनेवाला दे दो, कारीगर बना लेगा," सोनार म्हणाला. काकांनी समोरचे फोटो पाठवले. पण कारागीर पडला तिकडे राजकोटला. त्याला अँगल कळेल की नाही अशी काकांना शंका. म्हणून गॅरेजमध्ये उभं राहून, मान वर करून, त्यांनी काकूंकडून स्वतःचा बाजूनं फोटो काढून घेतला आणि खाली लिहिलं, 'असा पाहिजे.'

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

लग्नाच्या आदल्या दिवशी नाण्यांचं खोकं आलं. काकू आणि मी गॅरेजमध्येच होतो. काकांनी एक नाणं दिव्याखाली धरलं आणि खुर्चीत बसले. केस सईचे, गालावरची खळी सईची, आणि मध्यभागी नर्वाचं नाक. लांब, बाकदार. कारागिरानं सांगितलं तसं अगदी चोख केलं होतं.

"सगळी वितळवून टाका," काका म्हणाले. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडवेलं झालेलं कधी बघितलं नव्हतं. "जन्मभर जे तिला टोचलं, तेच मी चांदीत कोरून आणलं. तिला दाखवू नका."

पण मेंदी लावलेले हात वर धरून सई नेमकी तेव्हाच गॅरेजमध्ये आली. "काय झालं?" तिनं विचारलं. तिला नाणं हातात घेता येईना, म्हणून मीच ते तिच्या डोळ्यांसमोर धरलं. आता ही ओरडणार, असं मला वाटलं.

तिनं वाकून नाण्याला नाक लागेल इतक्या जवळून बघितलं. मग तिला इतकं हसू फुटलं की ती काकांच्या अंगावर कलली आणि मेंदी त्यांच्या शर्टाला लागली. हसता हसताच डोळे भरून आले. "ओ माय गॉड, बाबा! तुमचं नाक! आय गॉट युवर नोज!" काका काहीतरी सांगायला लागले, कारागीर, अँगल, राजकोट. ती म्हणाली, "डोन्ट यू डेअर मेल्ट इट."

दुसऱ्या दिवशी हॉलच्या दाराशी शालू नेसून तिनं स्वतः नाणी वाटली. संक्रांतीच्या त्या मावशीही रांगेत होत्या. त्यांनी नाणं उलटसुलट करून बघितलं, सईकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काही विचारावंसं वाटलं नसावं. सईनंच त्यांना वाकून नमस्कार केला.

मागच्या वर्षी काका-काकू घर विकून मुलीजवळ सांता क्लाराला गेले. शेजारी आता एक तरुण जोडपं राहतं. त्यांच्या गॅरेजमध्ये चक्क गाड्या असतात. मला करमत नाही.

परवा काकांचा फोन आला. सईबरोबर वाणसामान आणायला गेले होते. दुकानातली एक अनोळखी मराठी बाई म्हणाली, "मुलगी का? अगदी तुमच्यासारखी दिसते हो!"

मी कपाळाला हात लावला. आता त्या बिचारीला दत्तकविधान, टांकसाळ आणि सरहद्द सगळं ऐकावं लागलं असणार. "मग? तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"काही नाही गं," काका म्हणाले. "हो म्हटलं."