मशीनला वाहिलेल्या अक्षता

खंडेनवमीला मी बायकोच्या मशीनची पूजा केली, तेव्हा त्याचं झाकण उघडं होतं.

सुरेखा, म्हणजे आमची बायको, तलवाड्याच्या आसपास इंटरनेटची केबल टाकते अन् तुटली की जोडते. आत केसासारखी काचेची तार! दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची, बटण दाबायचं, की चिकटली. (मी शेती करतो. मला सुईत दोरा ओवता येत नाही.) गावात कुणाचंही नेट गेलं की पहिला फोन तिला. मला तिचा लई अभिमान! म्हणून त्या दिवशी विळे, खुरपी, ट्रॅक्टर झाल्यावर तिच्या मशीनलाही सढळ हातानं हळद, कुंकू, अक्षता! नुसतं वरचं प्लास्टिक काय पुजायचं? झाकण उघडून मी थेट गाभाऱ्यातच वाहिलं. ती अंघोळीला गेलती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या मळणीयंत्रानं आमच्या गल्लीवरची केबल तोडली. शेजारची वैशाली पळत आली.

"वहिनी, अकराला माझी नोकरीची मुलाखत हाय, व्हिडिओवर! मोबाईलला रेंज न्हाई!"

साडेदहा वाजले होते. सुरेखानं शिडी लावली, केबल खाली ओढली, टोकं सोलली, मशीन उघडलं. आणि माझ्याकडं बघितलं.

"अवो, ह्यात तांदूळ कावून हायेत?"

"अक्षता हायेत त्या."

"आन् भिंगाला कुंकू?"

"सवाष्णीचं मशीन हाय म्हणून..."

वैशाली रडायलाच लागली. मी घाबरून फुंकर मारायला वाकलो, तर हळद आणखी आत गेली!

"तुमी त्या लिंबाच्या झाडाखाली जाऊन हुबं ऱ्हावा! हात खिशात!"

गेलो. तिथून जे पाहिलं ते सांगतो. भोवती अख्खी गल्ली कालवा करतीय, आणि ही काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून, एकेक कण टिपतीय. हात जरा म्हणून हलला नाही. पहिला जोड फसला. तोडला, परत सोललं. दुसराही फसला. तिसऱ्यांदा, अकराला दोन मिनिटं कमी असताना, वैशालीच्या घरातल्या नेटच्या डब्यावरचा हिरवा दिवा लागला! काय बाई आहे ही! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. (खिशातून हात काढायची परवानगी नव्हती, म्हणून तसंच वाहू दिलं.)

आठवड्यानं वैशाली पेढे घेऊन आली. नोकरी लागली होती! आधी सुरेखाच्या पाया पडली, मग माझ्या.

"माझ्या कशाला गं? मी काय केलं?"

"असं कसं, दादा? ऐन वक्ताला तुमी लांब हुबं ऱ्हायलात, म्हणून तर जमलं!"

मी दोन पेढे घेतले. एवढा वेळ काहीच न करणं सोपं असतं होय!