ह्याला मागनारा कोन?

मी काढलेल्या आराखड्यावर कुमुद तांडेल पेन्सिलीचं मागचं टोक टेकवायची आणि विचारायची, "ह्याला मागनारा कोन?" आराखडा म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमचा. घर बांधण्याआधी नकाशा काढतात तसा, नुसते चौकोन आणि बाण. एकेक चौकोन म्हणजे प्रोग्रॅमने करायचं एकेक काम. मला ते काढायची भारी हौस, आणि हौसेच्या भरात एखाददुसरा चौकोन जास्तीचा पडायचाच. कुमुदला तो खपायचा नाही. ज्या चौकोनामागे मागणारं माणूस नाही तो खोडायचा, आणि माणसाने मागितलेलं ज्या आराखड्यात सापडत नाही तो आराखडाच फाडायचा, एवढं तिचं साधं शास्त्र होतं. मी चिडायचे. ती माझ्याहून जास्त चिडायची आणि मग आम्ही दोघी चहाला जायचो.

हे आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या कंपनीचे मॅनेजर सबनीस साहेब निवृत्त होतायत. त्यांच्या गौरवाचा अंक निघतोय आणि माझ्याकडे लेख मागितलाय. मागायला आलेल्या मुलीने वर बजावलं, "मॅडम, त्या परदेशी ऑडिटची आठवण नक्की लिहा हं. एकही चूक निघाली नव्हती ना?" तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. एकही चूक निघाली नव्हती, हे अगदी खरं. चूक आत होती आणि ती कुणी काढायची नाही असंच ठरलं होतं. निघणार कुठून?

आमची कंपनी बोईसरच्या एमआयडीसीत. खाली कंट्रोल पॅनेल जोडायची शेड आणि वर आम्ही, त्या पॅनेलमध्ये घालायचे प्रोग्रॅम लिहिणारे. गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूचे कारखाने. वरची खोली वातानुकूलित होती आणि संगणकांना धूळ सोसत नाही म्हणून चपला बाहेर काढून आत जायचं. खिडकीपलीकडे तारापूरची हवा पिवळट होऊन पसरलेली असायची. ती माणसांना सोसते की नाही, ते कुणी विचारत नव्हतं.

कुमुद एडवणची. वडिलांची होडी, आई मासे सुकवून विकायची. घरात इंजिनिअर झालेली ती पहिलीच. एसटीने सफाळ्याला आणि तिथून गाडीने बोईसरला यायची. डब्यात बहुतेक वेळा सुके बोंबील. एके दिवशी साहेबांनी दाराला नोटीस डकवली की वातानुकूलित खोलीत उग्र वासाचे पदार्थ आणू नयेत. नाव घातलं नव्हतं, पण तसला डबा आणणारी एकच होती. कुमुदने नोटीस वाचली. एरवी ती चारचौघींसारखं शुद्ध बोलायची. राग आला की एडवण बाहेर यायचं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साहेबांच्या नाकाला वास कळतो म्हनायचा. मंग त्या मागच्या नाल्याचा कसा नाय कळत?" त्या दिवसापासून ती जिन्यात बसून जेवायला लागली. मी माझी पोळीभाजी घेऊन तिच्या शेजारी बसायचे. साहेब जिना उतरताना आम्हाला ओलांडून जायचे आणि आम्ही पाय जराही आखडून घ्यायचो नाही.

कामाच्या वाटण्या अशा होत्या: गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारून, नंबर घालून नोंदवायचं काम कुमुदचं. त्यावरून आराखडा काढायचं काम माझं. परदेशी भागीदारांनी त्यासाठी दोन सॉफ्टवेअर पाठवली होती, एक मागण्या ठेवायला आणि एक आराखडे काढायला. पण त्या दोघांचं एकमेकांशी बोलणंच नव्हतं. कुठली मागणी कुठल्या चौकोनात उतरली, हे कुणाला सांगता येत नव्हतं. कुमुदने मधे बसणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मागणी आणि चौकोन यांच्यात तो दुवा जोडायचा. नंतर कुणी मागणीत किंवा चौकोनात हात घातला, की दुव्यावर लाल खूण; बघून झालं की हिरवी. "लाल म्हणजे चूक नाही," ती सगळ्यांना समजावायची. "लाल म्हणजे परत बघा." तिचा नियमच होता: "बगितल्याशिवाय लाल काडायचा नाय."

बघायचं म्हणजे दोघींनी. शनिवारी दुपारी ती मागणी मोठ्याने वाचायची, मी चौकोनावर बोट ठेवून तो काय करतो ते सांगायचं. सांगताना अडखळले तर लाल तसाच. किती शनिवार मी तिच्या नावाने बोटं मोडली असतील! पण माझ्या चुका तिथे, त्या टेबलावरच मेल्या. एकही कारखान्यापर्यंत गेली नाही.

मग तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्याचं काम आलं. तिथे मोठ्या टाकीत तेजाब, म्हणजे ॲसिड, सोडायचे आणि वर येणारा धूर एक पंखा ओढून घ्यायचा. कारखान्याच्या साहेबांनी मागण्या सांगितल्या. कुमुद तेवढ्यावर थांबली नाही, टाकीपाशी काम करणाऱ्यांना जाऊन भेटली. त्यांत सालवडच्या चाळीत राहणारा रामनरेश होता. डोळे सारखे पुसायची त्याला सवय लागलेली. तो म्हणाला, "मॅडम, पंखा बंद होता है तो आवाज में पता नहीं चलता. आँख जलने लगती है तब समझ में आता है. तब तक वॉल्व बंद करने कौन जाएगा?" कुमुदने मागणी नोंदवली: पंखा थांबला तर तेजाबाचा वॉल्व आपोआप बंद व्हावा. मागणारा, रामनरेश.

सबनीस साहेब भडकले. "मिस तांडेल, हेल्परचं नाव? आपला ग्राहक म्हणजे ऑर्डर देणारा."

"धूर खानारा बी गिऱ्हाईकच हाय साहेब," कुमुद म्हणाली. नाव राहिलं. मी चौकोन काढला, शनिवारी दोघींनी बघितला, दुवा हिरवा झाला.

आणि मग नेहमीचं झालं. कारखान्याने ऐनवेळी पॅनेलमधलं कंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारं यंत्र, स्वस्तातलं घ्यायचं ठरवलं. माझा आराखडा निम्मा मोडून नव्याने मांडावा लागला. घाईत काही चौकोन मागे राहिले, ते एकेक करून घ्यायचे होते, आणि नंबर सगळेच्या सगळे बदलले. कुमुदचा पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, शनिवार होतेच. पण परदेशी भागीदारांचा ऑडिटर त्याच्या आधी येणार होता.

साहेब म्हणाले, "ऑडिटला लाल दिसता कामा नये."

कुमुद म्हणाली, "मग ऑडिट पुढे ढकला. बघितल्याशिवाय लाल काढणार नाही."

साहेबांनी तिला त्या दिवसापुरतं खाली स्टोअरला पाठवलं आणि दुसऱ्या एकाकडून एका फटक्यात सगळं हिरवं करून घेतलं. कसं? जुन्या चौकोनाचा जो नंबर, त्याच नंबरचा नवीन चौकोन शोधायचा आणि दुवा तिथे जोडायचा. नंबर जुळला की झालं. त्या नंबराखाली आता कुठलं काम बसलंय, हे बघायची कुणाला गरजच वाटली नाही.

संध्याकाळी कुमुद वर आली, तिने पडद्यावर पहिली शोधली ती रामनरेशची मागणी. पंखा थांबला तर वॉल्व बंद व्हावा. दुवा हिरवागार. आणि दुव्याच्या दुसऱ्या टोकाला चौकोन होता कामाच्या पाळीचा रिपोर्ट छापायचा! वॉल्वचा चौकोन मागे राहिलेल्यांत होता, नव्या आराखड्यात आलेलाच नव्हता. लाल असता तर आम्हाला तो शनिवारी सापडला असता. हिरव्याखाली तो पार गाडला गेला.

आम्ही दोघी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब शांतपणे म्हणाले, "ऑडिटर दुवे बघतो. दुव्याच्या टोकाला काय आहे ते बघायला त्याला वेळ नसतो." हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. ऑडिटर आला, हिरवा पडदा वरखाली करून खूश झाला, गेला. पेढे वाटले. कुमुदचा पेढा तिच्या टेबलावर तसाच राहिला, त्याला मुंग्या लागल्या.

आता तरी दुरुस्ती होईल, म्हणून मी वॉल्वचा चौकोन काढून साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो घेतलाच नाही. म्हणाले, "आता आराखड्याला हात लावला तर परत लाल होईल. आत्ताच पास झालोय आपण." म्हणजे दुरुस्ती केली तर लाल, आणि लाल चालत नाही, म्हणून दुरुस्ती नको! अशा डोक्याच्या माणसाला आता शाल आणि श्रीफळ मिळणार आहे. पॅनेल टेम्पोत चढलं आणि तारापूरला गेलं.

कारखान्यात तेजाब सोडण्याआधी नुसतं पाणी सोडून सगळं चालवून बघतात. त्या चाचणीला मी हजर होते. कुमुदला बोलावलं नव्हतं. ती रिक्षा करून आली, थेट टाकीपाशी गेली. तिथे आमचे साहेब, कारखान्याचे साहेब, त्यांची चार माणसं. टाकीत पाणी पडत होतं आणि सगळे माना डोलावत होते.

"रामनरेश, पंखा बंद करो," कुमुद म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं, मग आपल्या साहेबांकडे. त्यांनी मान हलवली. पंखा बंद झाला, त्याची घरघर उतरत उतरत थांबली. पाणी पडत राहिलं. आम्ही सगळे बघत उभे. पाणी आपलं पडतंच आहे.

"पाणीच तर आहे!" आमचे साहेब हसून म्हणाले.

मग एडवण पुरतं बाहेर आलं. "आज पानी हाय! उद्या तितं तेजाब पडनार, आनि खाली ह्यो मानूस उबा ऱ्हानार! तुमी ऱ्हाता का उबे? ऱ्हाता? मंग मी गप बसते!" आवाज पत्र्यावर आपटून परत येत होता. आमचे साहेब पायाखालच्या फरशीकडे बघायला लागले. कारखान्याच्या साहेबांनी तिथल्या तिथे चाचणी थांबवली. वॉल्वचा चौकोन आत गेल्याशिवाय तेजाब सोडणार नाही, म्हणाले. मी चौकोन घातला. त्याचा प्रोग्रॅम झाला, पाण्यावर परत चाचणी झाली, वॉल्व धाडकन बंद झाला. त्या चाचणीला कुमुद नव्हती, कारण तोवर तिला नोकरीवरून काढलं होतं. गिऱ्हाइकासमोर कंपनीची बदनामी केली, हे कारण. मी भांडायला गेले तेव्हा साहेबांनी मला विचारलं, "कुणाला काही झालं का? नाही ना? मग एवढा तमाशा कशाला?"

कुणाला काही झालं नाही. का झालं नाही, हो? ती ओरडली म्हणून! कुणाचे डोळे गेले असते तर चौकशी बसली असती, कुमुदचं म्हणणं खरं ठरलं असतं. तिने ते होऊच दिलं नाही, म्हणून तिच्या हाती दाखवायला काही उरलं नाही. मला ह्याचा आजही संताप येतो आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

मी राजीनामा लिहिला होता. कुमुदने बोईसर स्टेशनवर तो माझ्या हातून घेतला, फाडला. "तू गेलीस तर तो चौकोन आत कोन ठेवील गो? पुढच्या येळेला परत नंबर जुळवतील." मी राहिले. चौकोन घातल्यावर दुवा परत लाल झाला होता, तो लाल मात्र काढला नाही. नियमाप्रमाणे दोघींनी बघायला हवं होतं, आणि दुसरी एडवणला दहावीच्या मुलांना गणित शिकवत होती. साहेब दर ऑडिटच्या आधी त्या एका लालवरून आरडाओरडा करायचे. मी त्यांना म्हणायचे, "बघणारी परत घ्या, लगेच काढते."

पुढे एकदा बोईसरच्या बाजारात रामनरेश भेटला. स्वतःहून सांगायला लागला, "मॅडम, पिछले महीने पंखे का पट्टा टूट गया. तेजाब चालू था. वॉल्व अपने आप बंद! हम लोग बाहर निकल आए, बस. चाय पी." आणि हसला.

त्या रविवारी मी एडवणला गेले. कुमुद अंगणापलीकडे बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं नाही.

"त्यानं सोता बगितला, वॉल्व बंद होताना?"

"स्वतः."

तिने हातातला बोंबील बांबूवर टाकला. मग हात पदराला पुसून म्हणाली, "मंग काड आता लाल."

सोमवारी मी तो काढला.

तर साहेबांवरचा लेख मी लिहिलेला नाही. हा लिहिलाय. तो अंकात छापणार नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून एक प्रत एडवणला पाठवतेय. ती वाचेल, पेन्सिल उलटी धरून कागदावर टेकवेल आणि विचारेल, "काय गो शुभा, ह्याला मागनारा कोन?"

मी. मी मागितलाय, कुमुद.