पाखरं जवळ येतात तेव्हा

चष्म्याच्या दुकानात काचा घासून घासून मामांच्या पाठीची कमान झाली होती. पण नजर घारीची, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. समोरून येणारा व्याही त्यांना ओळखू येत नसे, खाडीपलीकडचा चिखल्या पक्षी मात्र पायांच्या रंगासकट दिसे. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणे, त्यामुळे त्यांच्या बायकोला मामी होण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

हिवाळ्याच्या तोंडावर दूरदेशीची पाखरं उतरली, की मामांचा रविवार खाडीवर जाई. त्या रविवारी दुखरा गुडघा घेऊन मामीही निघाल्या. "बघू तरी, माझी सवत दिसते कशी!"

ओहोटीने उघडा पडलेला चिखल, त्यात घोटाभर पाण्याचा एक ओहोळ, आणि ओहोळापलीकडे वाळूचा उंचवटा. तिथे घडीच्या खुर्च्या टाकून, तिवईवर दुर्बीण चढवून दोघं बसली. पाखरं शंभर पावलांवर चिखलात चोची खुपसत होती.

"हलू नकोस," मामा पुटपुटले. "पाखरांना माणूस कळतो."

अर्ध्या तासात पाखरं पन्नास पावलांवर आली. मग वीस. तुतारी नावाचं एक चिमुकलं पाखरू तर मामींच्या खुर्चीला वळसा घालून गेलं. मामांचा ऊर भरून आला. तीस वर्षं पुतळ्यासारखं बसल्याचं हे फळ! परतायची वेळ त्यांनी वहीत लिहून आणली होती, ती केव्हाच टळली होती. पण पाहुणे आपणहून दारात आले असताना उठायचं कसं?

"अहो," मामी हळूच म्हणाल्या, "ही तुम्हाला भेटायला नाही आलेली. मागे बघा."

मागे ओहोळ नव्हता, नदी होती. भरती गुपचूप त्यातूनच चढली होती. चिखल बुडत होता, पाखरं कोरड्या जागेकडे ढकलली जात होती, आणि कोरडी जागा उरली होती आता फक्त या दोन खुर्च्यांपुरती.

मामींना पोहता येत नव्हतं. मामांना येत होतं, पण लग्नाआधी.

"चल. हात धर."

"अहो, गुडघा..."

"गुडघ्याचं नंतर बघू!"

दुर्बिणीच्या तिवईने तळ चाचपत मामा पुढे झाले. पाणी मांडीला लागलं, मग कमरेला. बर्फासारखं गार, आणि ओढ तर अशी की उचललेला पाय भलतीकडेच पडे. ऐन मध्यावर मामी थांबल्या. पाय रुतला होता.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. भाजीवाल्याकडे पिशवी विसरल्यासारखा साधा आवाज. "मी येते मागून."

बायकोचं न ऐकण्याचं धाडस मामांनी पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच केलं. तिवई सोडली, श्वास कोंडला आणि डोकं पाण्याखाली घातलं. आत काळोख. बोटांनी ते चिखल उकरत राहिले. जितका उकरावा तितका परत भरे. छाती फुटायला आली तेव्हा कुठे टाच सुटली. चप्पल खाडीने ठेवून घेतली.

काठ गाठून बांधावर दोघं बसली तेव्हा उंचवटा उरलाच नव्हता. मामांचे दात थडथड वाजत होते.

"घाबरलात?" मामींनी विचारलं.

मामींचा चिखलाने बरबटलेला पाय मामांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"सोडा आता. कुणी बघेल."

मामांनी पकड आणखी आवळली.