दगड आणि बांद्याची पिशवी

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे घाबरायचा हक्क खरं तर मला नाही. पण त्या फेब्रुवारीत मी घाबरले, आणि चांगलीच.

अवकाशातून एक दगड येत होता, मोठ्या इमारतीएवढा. आठेक वर्षांनी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी एक टक्का होती, मग दोन, मग तीनच्या वर. पडलाच तर ज्या पट्ट्यात पडेल, त्यात आपला अरबी समुद्रही होता. आमचं घर देवबागला. पुढे समुद्र, मागे खाडी, मध्ये नुसती वाळू; भरतीने जरा जोर धरला तरी पाणी अंगणाशी येतं. रोज सकाळी चहाआधी मी मोबाईलवर आकडा बघायचे. वाढलेला दिसला की चहा तसाच राहायचा.

शेवटी ठरवलं, लेकीला समुद्रापासून लांब, बांद्याला माझ्या भावाकडे ठेवायचं. जूनपासून शाळा तिथलीच. आठ वर्षांनी पडणाऱ्या दगडासाठी आत्ताच पिशवी काढणं याला अक्कल म्हणत नाहीत, हे मलाही कळत होतं. लेक पहिलीत. "तुला काय काय लागेल ते भर," मी म्हटलं. तिने एवढंच विचारलं, "दगड पडतलो तेवा तू खंय आसतलंस?"

"इथेच असेन, आणखी कुठे?" मी तिच्यावर ओरडले.

सासरे अंगणात जाळं शिवत होते, चष्मा हरवल्यामुळे चाचपडत. जन्मभर रापण, म्हणजे समुद्रात घेर टाकून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, ओढलेला माणूस. म्हणाले, "आकडो वाडता म्हणान भियतंस? रापण वोडताना घेर ल्हान होता गो. मासो आत आसा तवसर तो गावतलोच असा वाटता. कडेर इल्यावर कळता, गावलो काय सुटलो."

खरं होतं. दगड काही वाट बदलून आमच्याकडे वळत नव्हता. शास्त्रज्ञांच्या अंदाजाचा घेर आवळत होता आणि पृथ्वी अजून त्या घेरात होती, म्हणून आकडा चढत होता. हेच गणित मी वर्गात मारे ऐटीत शिकवते. समजलं सगळं, पण भीती गेली नाही. रापणीतून सुटलेले मासे मी पाहिलेत, पण गावलेलेच जास्त.

आठवडाभरात पृथ्वी घेराबाहेर राहिली. आकडा जवळजवळ शून्यावर आला. मी मोबाईल हातात धरून मोठ्याने रडले आणि मग पिशवी रिकामी करायला बसले.

लेकीचे दोनच फ्रॉक होते. त्यांच्याखाली माझी रोजची साडी, तिच्या बाबांचा शर्ट, आणि तळाशी, रुमालात नीट गुंडाळलेला, आम्ही आठवडाभर घरभर शोधत होतो तो आजोबांचा चष्मा.