बापाचं गाव

"ह्या पासपोर्टाचं सरकारच आता राहिलं नाही," कचेरीतला कारकून बोलला. "दुसरा आणा."

मारीबाई माझ्याकडं बघाय लागली. ती शहापूरच्या डिस्पेन्सरीत नर्स, पोलंडची. मी डोळखांबची सुईण, तिच्या हाताखाली कामाला. मराठी ती माझ्याकडूनच शिकलेली, म्हणून कचेरीत मी संगं गेलेली.

पासपोर्ट काय असतो ते तिनंच मला सांगितलेलं. एक सरकार दुसऱ्या सरकाराला लिवून देतं, हे माणूस आमचं हाय, येऊ द्या. पन तिचा मुलुख लढाईत दुसऱ्यांनी घेतला. सरकार पळून बिलायतेला गेलं. जमीन नाय, गाव नाय, नुसता शिक्का. त्या शिक्क्यावर ती मुंबईला बोटीतून उतरली, पोटुशी. नवरा पलटणीत मेला. लढाई सरली तवा इंग्रजानं तिच्या मुलखात बसलेलं दुसरंच सरकार खरं धरलं. हिचा शिक्का बाद.

"सरकार गेलं, पन बाई हाय ना सायेब?" मी बोलली.

"कायदा मी नाही केला, बाई. हिला आफ्रिकेतल्या निर्वासितांच्या कॅम्पात धाडायचा हुकूम आहे." मग आवाज बारीक करून बोलला, "पोर इथं जन्मलं ना? त्याच्या नावानं अर्ज टाका. कदाचित आईलाही राहू देतील. जन्माची नोंद काढतो, थांबा."

मारीबाईनं माझा हात दाबला. ती नोंद मीच सांगितलेली.

पोरगी मीच सोडवलेली. पायाळू, म्हंजे डोक्याच्या आधी पाय आलेली. अर्धा दिवस झुंजलो. मग रीतीपरमानं सुईणीनं जायचं पाटलाकडं, जलम सांगायला. आमच्यात बाई बाळंतपणाला माहेरी येते, पन पोर काय माहेरच्या गावचं नसतं. म्हणून दरखेपी सांगायची तसंच सांगितलं, "बापाचं गाव लिवा."

"कंचं गो?"

"पोलंड."

"कंच्या तालुक्यात आलं ते?" पाटील हसला.

"लिवा ना दादा. पोरीला बाप नाय, गाव तरी ऱ्हाऊ दे."

त्यानं गावाच्या रकान्यात लिवलं.

कारकुनानं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं. "जन्मगाव पोलंड. ही तर इथं जन्मलीच नाही."

"नाळ मी कापली सायेब. डिस्पेन्सरीच्या मागं पुरलीय. चला, दाखवते."

"नाळेवर शिक्का असतो का?"

मी पाटलाच्या पाया पडली. तो बोलला, "सरकारी वहीत खाडाखोड केली तर माझी पाटीलकी जाईल गो."

आसनगाव टेसनावर मायलेकींना सोडाय गेली. पोरगी चार वरसाची, बोलायची आमच्यावानी. डब्यातून विचारते, "आपून घरी कदी यायचं गो?" मारीबाईनं माझ्याकडं पाठ करून तिला मांडीवर घेतली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं लय पोरं सोडवली. पाटलाकडं गेली का पयलं सांगायची, पोर जिथं जलमलं तिथलं गाव लिवा. बापाचं गाव बाप येऊन सांगंल.